दिल्लीवारी, प्रायमरी आणि सदस्ययादीचा प्रश्न

निवडणुकीची चाहूल लागली की महाराष्ट्रातील इच्छुकांची दिल्लीवारी सुरू होते. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात खोली मिळवणे, पक्षाच्या प्रभारी सरचिटणिसांची वेळ घेणे, बूथनिहाय आकडेमोडीची फाइल योग्य हाती पोचेल अशी फिल्डिंग लावणे आणि छाननी समितीने, म्हणजे आलेल्या अर्जांतून दोन-चार नावे वेगळी काढून वर पाठवणाऱ्या पक्षांतर्गत समितीने, आपले नाव ठेवले की कापले याचा कानोसा घेत थांबणे, असा हा वारीचा क्रम असतो. करोल बागेत सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात स्थिरावलेली सांगली-साताऱ्याकडची कुटुंबे, पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेच्या आधाराने वाढलेला जुना मराठी समाज, केंद्र सरकारच्या नोकरीमुळे रामकृष्णपुरमसारख्या वसाहतींत आलेले कर्मचारी आणि अलीकडे नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांत दाखल झालेली तरुण पिढी या सर्वांना ही वारी जवळून दिसते. परंतु ज्या राजधानीत देशभरच्या उमेदवाऱ्या ठरतात, त्या राजधानीच्या रहिवाशाला स्वतःच्या मतदारसंघाची उमेदवारी ठरवतानाही कोणी विचारत नाही, आणि त्याच्यापुढे नावे येतात ती थेट मतदानयंत्रावर.

कायद्याच्या दृष्टीने उमेदवारी म्हणजे दोन कागद असतात. निवडणूक आयोगाच्या १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार पक्षाने ‘ए’ अर्जात उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणत्या पदाधिकाऱ्याला दिला आहे ते त्याच्या सहीच्या नमुन्यासह कळवायचे असते आणि त्या पदाधिकाऱ्याने ‘बी’ अर्जात प्रत्यक्ष उमेदवाराचे नाव द्यायचे असते. हे दोन्ही अर्ज शाईच्या सहीनिशी, उमेदवारी दाखल करण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले की चिन्ह मिळते. तीन वाजण्याच्या आत ‘एबी फॉर्म’ कोणाच्या खिशातून निघतो यावरून बंडखोरी, आघाडीतील बिघाडी आणि मैत्रीपूर्ण लढती ठरतात, हे महाराष्ट्रातील वाचकाला सांगण्याची गरज नाही. मात्र तो पदाधिकारी त्या नावापर्यंत कसा आला, कोणाला विचारून आला आणि कोणाला डावलून आला याची विचारणा या दोन्ही कागदांत कुठेही नाही. अमेरिकेतील प्रायमरी ही पद्धत नेमकी या रिकाम्या जागी बसते, आणि म्हणूनच तिचे आकर्षण भारतात पुन्हा पुन्हा निर्माण होते.

अमेरिकेतील पद्धतीचा गाभा

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी सामान्य मतदारांमध्ये घेतली जाणारी, मुख्य निवडणुकीच्या आधीची निवडणूक. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट यांनी पक्षांतील दलालांच्या हातून उमेदवारी काढून घेण्यासाठी तिचा आग्रह धरला, १९०३ मध्ये तेथे तसा कायदा झाला आणि पुढे ही पद्धत अध्यक्षपदाच्या निवडणुकीपर्यंत पोचली. तरीही कित्येक दशके तिचे महत्त्व सल्ल्यापुरतेच राहिले. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकूनही रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाने विल्यम टाफ्ट यांनाच उमेदवारी दिली, आणि १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री हे एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, तेव्हा शिकागोच्या रस्त्यांवर उसळलेल्या संघर्षानंतर पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमून नियम बदलले. राज्याराज्यांतील मतदारांनी दिलेला कौल प्रतिनिधींवर, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निश्चित करणाऱ्या सभासदांवर, बंधनकारक ठरू लागला तो १९७२ पासून.

या इतिहासातील प्रचाराच्या चित्तवेधक भागाकडे, म्हणजे न्यू हॅम्पशायरच्या उपाहारगृहांत मतदारांशी हस्तांदोलन करत फिरणाऱ्या उमेदवारांकडे, भारतीय वाचकाचे लक्ष जाते. परंतु तो प्रचार शक्य होतो तो त्यामागच्या यादीमुळे. बहुसंख्य अमेरिकी राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच आपण कोणत्या पक्षाचे हे सांगण्याची सोय असते, ती नोंद सरकारी दप्तरात राहते आणि प्रायमरीचे मतदान सामान्यतः सरकारी यंत्रणाच घेते. ज्या प्रायमरीत त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनाच मत देता येते तिला बंदिस्त आणि जिच्यात कोणालाही भाग घेता येतो तिला खुली प्रायमरी म्हणतात. न्यू हॅम्पशायरमध्ये कोणत्याही पक्षाकडे नाव न नोंदवलेला मतदार मतदानाच्या दिवशी दोहोंपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. प्रकार कोणताही असला तरी मतदार कोण हे उमेदवाराला आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला सारखेच ठाऊक असते, आणि ती यादी पक्षाध्यक्षाच्या कपाटात नसते. प्रायमरी हा मतदानाचा प्रकार आहे त्याहून अधिक तो यादीचा प्रकार आहे, आणि भारतातील प्रयोग फसले ते या यादीपाशी, हे दिल्लीतील घडामोडी क्रमाने पाहिल्यास ध्यानात येते.

नागपूरची पावली आणि तिच्यामागचे प्रश्न

पक्षसभासदांच्या यादीवर नेतृत्व उभे करण्याची कल्पना भारताला परकी नव्हती. डिसेंबर १९२० मधील नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली, तिच्यात चार आणे वर्गणी देणाऱ्या कोणाही प्रौढाला सभासद होण्याची मुभा मिळाली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी ठरवण्याची व्यवस्था झाली. त्या काळातील विधिमंडळांच्या मतदानाला मालमत्तेची आणि कराची अट होती हे लक्षात घेतले, तर चार आण्यांचे सभासदत्व हे सरकारी मताधिकारापेक्षा कितीतरी रुंद दार होते. परंतु दार रुंद झाले तसा यादीचा प्रश्नही सोबत आला. जानेवारी १९३९ मध्ये त्रिपुरी अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा १३७७ विरुद्ध १५८० अशा मतांनी पराभव केला, तेव्हा महात्मा गांधींनी तो स्वतःचा पराभव मानल्याचे सर्वश्रुत आहे; त्याच निवेदनात त्यांनी काँग्रेसच्या नोंदवह्यांत बोगस सभासदांचा भरणा झाल्याची तक्रार केली होती, हे मात्र फारसे आठवले जात नाही.

स्वातंत्र्यानंतर अशा लढती मोजक्याच झाल्या, आणि त्यांपैकी दोन मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याच्या आहेत. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि शंकरराव देव अशी तिरंगी लढत होऊन टंडन १३०६, कृपलानी १०९२ आणि शंकरराव २०२ असा निकाल लागला. टंडन यांनी त्याच वर्षी नाशिकच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले, पण पंतप्रधान नेहरूंशी न जुळल्याने १९५१ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले आणि मतपेटीतून आलेल्या अध्यक्षापेक्षा सरकारचा प्रमुख भारी ठरतो हा पायंडा तेथे पडला. १९९७ मध्ये सीताराम केसरी यांच्याविरुद्ध शरद पवार आणि राजेश पायलट उभे राहिले, तेव्हा केसरींना ६२२४, पवारांना ८८२ आणि पायलट यांना ३५४ मते मिळाली. पवारांचा राज्यातील जनाधार केसरींपेक्षा मोठा होता याविषयी फारसे दुमत नसावे. परंतु ही मते जनाधाराची नव्हती. प्रतिनिधींच्या यादीत नाव घालणारी प्रदेश यंत्रणा ज्याच्या बाजूने, त्याच्याकडे प्रतिनिधी जातात, हा या आकड्यांचा साधा अर्थ होता. भारतीय जनता पक्षात तर १९८० मधील स्थापनेपासून राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी मतदानाची वेळच आली नाही. तेथे नाव आधी ठरते आणि निवड बिनविरोध होते.

मार्च २०१४ : नवी दिल्ली, वर्धा, लातूर

भारतातील प्रायमरीचा सर्वांत उघड प्रयोग दिल्लीतच जाहीर झाला. १७ जानेवारी २०१४ रोजी तालकटोरा स्टेडियममध्ये भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीच्या सुमारास राहुल गांधी यांनी लोकसभेच्या पंधराएक मतदारसंघांत उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतदानाने ठरवण्याची घोषणा केली. त्याआधी काही वर्षे युवक काँग्रेसमध्ये सभासद नोंदणी करून, निवडणूक आयोगातील निवृत्त अधिकाऱ्यांच्या संस्थेच्या देखरेखीखाली, अशाच निवडणुका घेतल्या जात होत्या. ती पद्धत आता लोकसभेच्या तिकिटापर्यंत आणायची होती. निवडलेल्या मतदारसंघांत महाराष्ट्रातील वर्धा आणि लातूर होते, आणि राजधानीतील नवी दिल्लीही होता.

नवी दिल्ली हा मतदारसंघ नावावरून वाटतो तसा केवळ मंत्र्यांच्या बंगल्यांचा नाही. करोल बाग, पटेल नगर, मोती नगर, दिल्ली कँटोन्मेंट, राजेंद्र नगर, नवी दिल्ली, कस्तुरबा नगर, मालवीय नगर, रामकृष्णपुरम आणि ग्रेटर कैलाश अशा दहा विधानसभा क्षेत्रांचा तो बनलेला आहे; बाजारपेठा, सरकारी क्वार्टर्स, लष्करी वसाहती, झोपडपट्ट्या आणि उच्चभ्रू कॉलन्या त्यात एकत्र येतात आणि त्याची मतदारसंख्या २०१४ मध्ये जवळपास पंधरा लाख होती. या पंधरा लाखांपैकी प्रायमरीत मत देण्याचा अधिकार ज्यांना होता ते पक्षाचे ब्लॉक, जिल्हा आणि प्रदेश पातळीवरील पदाधिकारी, आजी-माजी लोकप्रतिनिधी आणि युवक, महिला, विद्यार्थी व सेवादल अशा आघाड्यांचे पदाधिकारी होते. करोल बागेतील एखाद्या दुकानदाराने आयुष्यभर हाताला मत दिले असले तरी पदाधिकाऱ्यांच्या यादीत तो नसल्यामुळे प्रायमरीच्या दिवशी त्याला काही काम नव्हते. मतदान झाले आणि २००९ मध्ये तेथूनच निवडून आलेले अजय माकन यांचेच नाव पुन्हा निश्चित झाले. १० एप्रिल रोजी प्रत्यक्ष मतदान झाले तेव्हा भाजपच्या मीनाक्षी लेखी विजयी झाल्या, आम आदमी पक्षाचे आशिष खेतान दुसरे आले आणि माकन तिसऱ्या क्रमांकावर गेले.

वर्ध्यात प्रायमरीला खरी चुरस होती, पण ती दोन राजकीय घराण्यांमधली होती. विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे आणि ज्येष्ठ नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात सामना होऊन मेघे जिंकले, मग लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले, आणि काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये दाखल झाले; कार्यकर्त्यांच्या कौलाने निवडलेला उमेदवार पक्षाशी किती बांधलेला असतो याचे उत्तर वर्धेकरांना इतक्या लवकर मिळाले. टोकस यांना काँग्रेसने २०१९ मध्ये उमेदवारी दिली ती नेहमीच्या पद्धतीने. लातूरच्या राखीव मतदारसंघात दत्तात्रय बनसोडे यांचे नाव प्रायमरीतून पुढे आले आणि तेही भाजपच्या सुनील गायकवाड यांच्यापुढे टिकले नाहीत.

या पराभवांचे खापर प्रायमरीवर फोडणे योग्य नाही, कारण त्या वर्षी काँग्रेसच्या देशभर अवघ्या ४४ जागा आल्या आणि कोणत्याही पद्धतीने निवडलेला उमेदवार त्या लाटेत तरणे अवघड होते. प्रयोगाची खरी परीक्षा वडोदऱ्यात झाली. तेथे नरेंद्र रावत यांनी प्रायमरी जिंकली; पण भाजपने नरेंद्र मोदी यांचे नाव जाहीर करताच रावत बाजूला झाले आणि पक्षाने सरचिटणीस मधुसूदन मिस्त्री यांना उभे केले. मोदींसमोर वजनदार नाव हवे हे राजकीयदृष्ट्या समजण्यासारखे होते, तथापि प्रायमरीचा निकाल वरून बदलता येतो हे एकदा दिसल्यावर तो निकाल म्हणजे शिफारस उरते आणि पद्धत १९१२ च्या अमेरिकेत जाऊन बसते. २०१९ मध्ये हा प्रयोग पुन्हा झाला नाही.

रहिवासी यादीबाहेर का राहतो

मतदानाचा अधिकार पदाधिकाऱ्यांवरून खाली आणून सर्व सभासदांना दिला असता, तरी नवी दिल्लीच्या रहिवाशांपैकी एक मोठा वर्ग बाहेरच राहिला असता, आणि त्याचे कारण पक्षाच्या नव्हे तर सरकारच्या नियमात आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ यांतील पाचव्या नियमानुसार सरकारी कर्मचाऱ्याला कोणत्याही राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही किंवा त्याच्याशी अन्य प्रकारे संबंध ठेवता येत नाही. लष्करी सेवेतील व्यक्तींवरही अशीच बंधने आहेत. रामकृष्णपुरम आणि दिल्ली कँटोन्मेंट या क्षेत्रांचा विचार करता हा अपवाद किरकोळ नाही. लोकसभेला मतदान करणारा, करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेपासून वेतन आयोगापर्यंत प्रत्येक सरकारी निर्णयाचा बरावाईट परिणाम सोसणारा हा मतदार उमेदवार निवडण्याच्या कोणत्याही सभासदनिष्ठ पद्धतीत कायद्यानेच परका ठरतो.

याच्या शेजारी वॉशिंग्टनचे उदाहरण ठेवण्यासारखे आहे, कारण तेही सरकारी नोकरांचे शहर आहे. तेथील संघीय कर्मचाऱ्यांवर १९३९ च्या हॅच कायद्याने पक्षीय प्रचाराची बंधने घातली आहेत, पण एखाद्या पक्षाचा मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा आणि प्रायमरीत मत देण्याचा त्यांचा हक्क अबाधित आहे, कारण ती नोंदणी म्हणजे मताधिकाराचाच भाग मानली जाते. अर्थात हक्क असला म्हणजे तो वापरला जातोच असे नाही. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनमधील रिपब्लिकन प्रायमरी पक्षाने स्वतः एका हॉटेलात घेतली, तीत सुमारे दोन हजार मते पडली आणि पंजाबी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या निक्की हेली ती जिंकून रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षीय प्रायमरी जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. संख्या नवी दिल्लीतील २०१४ च्या प्रायमरीची आठवण व्हावी इतकी लहान होती; फरक एवढाच की वॉशिंग्टनमध्ये न आलेला मतदार स्वतःहून आला नव्हता, तर दिल्लीत त्याला येण्याची सोयच नव्हती.

आम आदमी पक्षाने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवण्याचा प्रयत्न केला. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने २०१३ च्या दिल्ली विधानसभेसाठी इच्छुकांना स्थानिक मतदारांच्या सह्या आणायला लावल्या, छाननी केलेली नावे आक्षेपांसाठी जाहीर केली आणि कार्यकर्त्यांचा पसंतीक्रम घेतला, जरी अंतिम शब्द पक्षाच्या राजकीय व्यवहार समितीचाच राहिला. निवडणुकीत २८ जागा मिळाल्यावर काँग्रेसच्या पाठिंब्याने सरकार बनवावे का, हा प्रश्न तर त्याने सगळ्या दिल्लीपुढे ठेवला. घरोघरी पत्रके गेली, मोहल्ला सभा झाल्या, फोन आणि एसएमएसने उत्तरे आली, आणि बहुमत होकाराचे असल्याचे सांगून २८ डिसेंबर २०१३ रोजी अरविंद केजरीवाल यांनी रामलीला मैदानावर शपथ घेतली. जानेवारी २०२२ मध्ये पंजाबच्या मुख्यमंत्रिपदाचा चेहराही याच धर्तीवर फोनवरील प्रतिसादांतून भगवंत मान असा जाहीर झाला. अशा जनमतात कोणीही बाहेर राहत नाही हे खरे, पण मतदार नेमका कोण होता, एका माणसाने किती फोन केले आणि मोजणी कोणी पाहिली हे तपासण्याचा मार्ग नसल्यामुळे, निकाल मानायचा तो जाहीर करणाऱ्यावर विश्वास असेल तर. काँग्रेसच्या प्रयोगात यादी अतिशय अरुंद होती आणि आम आदमी पक्षाच्या प्रयोगात यादीच नव्हती.

अकबर रोड, ऑक्टोबर २०२२

यादीचा प्रश्न सर्वांत ठसठशीतपणे पुढे आला तो काँग्रेस अध्यक्षपदाच्या २०२२ मधील निवडणुकीत. मनीष तिवारी, शशी थरूर आणि कार्ती चिदंबरम यांनी निवडणुकीपूर्वीच प्रतिनिधींची यादी प्रसिद्ध करण्याची मागणी केली. केंद्रीय निवडणूक प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेले मधुसूदन मिस्त्री, म्हणजे वडोदऱ्यात प्रायमरीच्या विजेत्याच्या जागी उभे राहिलेलेच मिस्त्री, यांनी ती सर्वांसाठी जाहीर होणार नाही, इच्छुकांना दिल्लीतील कार्यालयात पाहायला मिळेल अशी भूमिका घेतली. सुमारे ९,९०० प्रतिनिधींची ही यादी हातात आल्यावर तीत अनेकांचे संपर्क क्रमांकच नाहीत, अशी तक्रार थरूर यांनी केली. ज्या मतदाराचा पत्ता माहीत नाही त्याच्याकडे प्रचाराला जायचे कसे, हा त्यांचा प्रश्न न्यू हॅम्पशायरमधल्या उमेदवाराला कळलाही नसता.

प्रचार मात्र खरा झाला, आणि त्यात महाराष्ट्राला अनपेक्षित स्थान मिळाले. थरूर यांनी उमेदवारी दाखल केल्यानंतर आरंभ केला तो नागपूरच्या दीक्षाभूमीपासून. त्यांचे प्रतिस्पर्धी मल्लिकार्जुन खर्गे हे बिदर जिल्ह्यात, मराठी-कन्नड सीमेवरच्या मुलखात जन्मलेले आणि मराठीत सहज बोलणारे. पदाधिकाऱ्यांनी पदावर राहून कोणाचाही प्रचार करू नये असा नियम प्राधिकरणाने काढला होता. तरीही खर्गे येतात तेव्हा प्रदेशाध्यक्ष स्वागताला असतात आणि आपण येतो तेव्हा ते उपलब्ध नसतात, असे थरूर यांना जाहीरपणे म्हणावे लागले. मतपत्रिकेवर पसंतीच्या उमेदवारापुढे ‘१’ लिहावा अशी सूचना होती, पण खर्गे यांचा अनुक्रमांकच एक असल्याने घोटाळा होईल हा थरूर यांच्या बाजूचा आक्षेप मान्य होऊन तिथे बरोबरची खूण करायचे ठरले. १७ ऑक्टोबर रोजी दिल्लीत २४, अकबर रोड येथील मुख्यालयात आणि राज्याराज्यांतील केंद्रांवर मतदान झाले, पेट्या दिल्लीला आणून कोणत्या राज्याने कोणाला मते दिली हे कळू नये म्हणून मतपत्रिका एकत्र मिसळण्यात आल्या, आणि १९ तारखेला खर्गे ७,८९७, थरूर १,०७२ व बाद ४१६ असा निकाल आला.

पक्षाच्या तळाशी किती असंतोष आहे याचा अंदाज १,०७२ या आकड्यावरून बांधता येतो, आणि असा आकडा उपलब्ध करून देणारा दुसरा मोठा राष्ट्रीय पक्ष देशात नाही, हे श्रेय काँग्रेसला द्यावेच लागते. मात्र शहरातील एखाद्या निवासी कल्याण संघाच्या निवडणुकीत भाडेकरूला सभासद मानायचे की नाही यावरच जसा निम्मा निकाल आधी लागलेला असतो, तसा या निवडणुकीचाही बराचसा निकाल प्रतिनिधींची यादी तयार झाली त्या दिवशीच लागला होता.

कायद्याचे मौन आणि महाराष्ट्राने मोजलेली किंमत

भारतात पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क खाली होते. नोंदणी करताना पक्षाच्या घटनेत ठरावीक मुदतीने अंतर्गत निवडणुकांची तरतूद असावी असा आयोगाचा आग्रह असतो, परंतु ती तरतूद पाळली नाही म्हणून पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. विधी आयोगाने १९९९ मध्ये आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्यात स्वतंत्र भाग घालण्याची शिफारस केली होती, ती तशीच राहिली. उलट १९८५ मध्ये आलेल्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीने, निवडून आलेल्या सदस्याला पक्षाच्या आदेशाशी बांधून टाकले. पक्षाने काय केले पाहिजे याविषयी कायदा मोघम, आणि सदस्याने पक्षाचे किती ऐकले पाहिजे याविषयी कठोर, अशा या मांडणीमुळे तिकीट देणाऱ्याची ताकद दुपटीने वाढली.

या मौनाची किंमत महाराष्ट्राने अलीकडेच मोजली आहे. शिवसेनेतील फुटीनंतर मूळ पक्ष कोणाचा हा वाद अशोक रोडवरील निर्वाचन सदनात आला, तेव्हा आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नसल्याचे नमूद करून तिचा आधार घेण्याचे नाकारले आणि विधिमंडळातील बहुमताच्या कसोटीवर पक्षाचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसबाबतही संघटनात्मक बहुमत विश्वासार्हपणे मोजता येत नसल्याने तीच कसोटी लावून नाव आणि घड्याळ अजित पवार गटाकडे गेले. हे निर्णय बरोबर की चूक याविषयी महाराष्ट्रात तीव्र मतभेद आहेत आणि न्यायालयीन वादही झाले. परंतु दोन्ही प्रकरणांतून निघणारे एक तात्पर्य दोन्ही बाजूंना लागू पडते. सभासदांची तपासता येईल अशी यादी असती, तर पक्ष कोणाचा हे सभासदांना विचारता आले असते. ती नसल्यामुळे लाखो शिवसैनिकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या वतीने काही डझन आमदार-खासदारांची संख्या मोजावी लागली.

यादी खुली करण्यातील धोके

प्रायमरीचे गुणगान करताना तिचे दोष झाकणे बरोबर नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे मराठी वाचकाला परिचित नाव. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःच्या खिशातून सुमारे एक कोटी डॉलर खर्चूनही तिसरे आले, आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातील अनेक उमेदवारांच्या प्रायमरीत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी मतांवर विजयी होऊन अमेरिकी प्रतिनिधिगृहात पोचले. कोणत्याही पक्षश्रेष्ठीचा आशीर्वाद नसताना परक्या देशातून आलेला एक माणूस तिकीट मिळवू शकतो हे प्रायमरीचे सामर्थ्य या उदाहरणात दिसते, तसेच पैशाने स्पर्धेत उतरण्याची आणि मतविभागणीने तरण्याची संधी तिच्यात किती असते हेही दिसते. शिवाय २०२४ मध्ये जो बायडेन यांनी प्रायमऱ्या जिंकल्यानंतर माघार घेतली आणि कमला हॅरिस यांची उमेदवारी प्रतिनिधींनीच निश्चित केली, तेव्हा अडचणीच्या वेळी अमेरिकेतही निर्णय पुन्हा पक्षाच्या आतील मंडळींकडे जातो हे स्पष्ट झाले.

भारतात याहून मोठा धोका आहे तो माणसाचा पक्ष उघड होण्याचा. ज्या देशात केंद्रनिहाय मतमोजणीमुळे कोणत्या वस्तीने कोणाला मते दिली हे कळते आणि त्यावरून पाण्याच्या जोडणीपासून रस्त्यापर्यंत कामे अडतील अशी भीती मतदाराला वाटते, त्या देशात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा पक्ष सरकारी दप्तरात लिहून ठेवणे म्हणजे सत्ताधाऱ्याच्या हाती आयते कोलीत देणे ठरेल. सरकारी कर्मचाऱ्याला सभासदत्वापासून दूर ठेवणाऱ्या नियमामागेही बदली-बढतीत पक्षीय हिशेब शिरू नयेत हा हेतू आहेच. त्यामुळे अमेरिकी नोंदणीची नक्कल दिल्लीत जशीच्या तशी चालणार नाही.

तथापि उघड यादी आणि मुळीच नसलेली यादी यांच्यामध्ये पुरेशी जागा आहे. पक्षाची सभासदयादी गुप्त राहूनही तिची संख्या, वर्गणीचा हिशेब आणि मतदानाला पात्र ठरण्याची मुदत यांची पडताळणी त्रयस्थ यंत्रणेकडून होऊ शकते. पक्षांतर्गत निवडणुकीतील सर्व उमेदवारांना ती यादी संपर्काच्या तपशिलासह एकाच दिवशी देण्याची सक्ती करता येते. आणि ‘बी’ अर्जावर सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याने हे नाव पक्षघटनेतील कोणत्या प्रक्रियेने ठरले हे त्याच कागदावर लिहून द्यावे, अशी एक ओळ वाढवणेही अवघड नाही. आयोगाने २०२३ च्या शिवसेना आदेशात पक्षांना आपली घटना आणि अंतर्गत निवडणुकांची माहिती संकेतस्थळावर ठेवण्याचा सल्ला दिला आहेच. तो सल्ला कायद्यात रूपांतरित होईपर्यंत एबी फॉर्मच्या मागची सारी प्रक्रिया ऐच्छिक राहील.

काँग्रेसचे मुख्यालय जानेवारी २०२५ मध्ये अकबर रोडवरून कोटला रोडवरच्या इंदिरा भवनात गेले, भाजपचे २०१८ मध्येच अशोक रोडवरून दीनदयाळ उपाध्याय मार्गावर आले, आणि दिल्लीवारीचे पत्ते बदलले तरी वारीचा क्रम बदलला नाही. तो बदलायचा तर प्रायमरीच्या मागणीने सुरुवात करून उपयोग नाही. मतदानाची तारीख, भाषणांची स्पर्धा आणि निकालाची उत्सुकता हे सारे त्यानंतरचे टप्पे आहेत. दिल्लीकराने, तसेच वर्धेकराने आणि लातूरकराने, आपल्या आवडत्या पक्षाला आधी विचारायचा प्रश्न अगदी कोरडा आणि कारकुनी स्वरूपाचा आहे : तुमचे सभासद किती, यादी कोणी तपासली आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला? या तीन प्रश्नांची उत्तरे देऊ न शकणाऱ्या पक्षाने घेतलेली प्रायमरी ही त्याच श्रेष्ठींनी ठरवलेल्या नावाला मिळालेली कार्यकर्त्यांची पावती ठरते, आणि ती पावती कधीही फाडता येते हे वडोदऱ्याने दाखवून दिले आहे.